उसाच्या गावाहून उसाच्या बेटावर

आमच्या घरात सहलीची तारीख ऊस ठरवतो. दिवाळीनंतर तोड सुरू होते, मार्चच्या आगेमागे गाळप संपून हरळीच्या साखर कारखान्याचा पट्टा पडतो, मग खोडव्याची मशागत आणि खताचे डोस. हे सगळं उरकल्यावर मे महिन्यात कुठं रानात फक्त पाण्याच्या पाळ्या राहतात. लग्नाला तीस वर्षं झाली. इतक्या मे महिन्यांत आम्ही दोघं फार तर आंबोली, गणपतीपुळे आणि गोव्यापर्यंत पोचलो. यंदा मी शाळेतून निवृत्त झाले आणि मुलानं विषय काढला, "आई, पाळ्या मी बघतो. तुम्ही दोघं एकदा लांबच्या समुद्रावर जाऊन या."

ह्यांनी विचारलं, "लांब म्हणजे किती?" मुलगा म्हणाला, "पासपोर्ट लागंल एवढं."

माझी अट एकच होती. परत येताना दमून यायचं नाही. माझे गुडघे आता जिने मोजतात आणि ह्यांना रात्री दहाला झोप लागते. तेव्हा धावपळीची यात्रा नको, दोघांना निवांत बसता येईल अशी सुट्टी हवी होती. ती कशी ठरवली हे सविस्तर सांगते, कारण आमच्या भागातल्या अनेक जोडप्यांच्या मनात अशी सहल असते आणि ती कुठून सुरू करायची हेच कळत नाही.

सुरुवात नकाशापासून न करता कॅलेंडरपासून करावी, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकले. उष्ण कटिबंधातला समुद्र बारा महिने कोमट असतो, पण प्रत्येक किनाऱ्याचा पाऊस वेगळा असतो. मे महिना धरला तर थायलंडच्या फुकेत आणि क्राबी बाजूला पावसाळा सुरू होतो. मालदीवला आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा आपल्याआधी गाठतो. श्रीलंकेचा दक्षिण आणि पश्चिम किनारा मे-जूनमध्ये भिजलेला असतो. ज्यांना डिसेंबर-जानेवारीत सवड मिळते त्यांच्यासाठी हे तिन्ही देश उत्तम. मेमध्ये कोरडे राहतात ते विषुववृत्ताच्या खालचे प्रदेश, म्हणजे इंडोनेशियातलं बाली आणि हिंदी महासागरातलं मॉरिशस.

बालीही सुंदर आहे, पण आमचं मन मॉरिशसवर बसलं. मुंबईहून थेट विमान आहे आणि ते सहा तासांच्या आसपास पोचतं. भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. उतरल्यावर पर्यटनासाठी राहण्याचा शिक्का विनाशुल्क मिळतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, त्यामुळे झोपेचं गणित बिघडत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला वादळांचा काळ, त्यातही जानेवारी ते मार्च जास्त जोखमीचा. मे महिन्यात तो सरलेला असतो आणि सौम्य हिवाळा लागतो. किनाऱ्यावर दिवसा २७-२८ अंश, रात्री २० च्या आसपास. आमच्या गडहिंग्लजच्या मेमधून गेलेल्या माणसाला हे हवामान म्हणजे औषधच. आणि शेवटचं कारण म्हणजे त्या बेटावर दीडशे वर्षांहून जास्त काळ आपली मराठी माणसं राहत आली आहेत.

बेट ठरल्यावर पासपोर्टचं काम हाती घेतलं. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि वेळ घेऊन कोल्हापूरच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. पुण्याला हेलपाटा मारायची गरज पडली नाही. प्रौढांच्या छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आणि मुदत दहा वर्षं. आधार, पॅन आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का, हे अर्जाच्या आधी तपासा. बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव यातच घोळ होतो. माझ्या कागदांवर एका ठिकाणी वडिलांचं आणि दुसऱ्या ठिकाणी ह्यांचं नाव मधे होतं, ते सरळ करण्यातच तीन आठवडे गेले. म्हणून मेमध्ये जायचं असेल तर दिवाळीच्या फराळाबरोबरच पासपोर्टचं काम काढावं.

मग सहल कंपन्यांची पत्रकं गोळा केली. एका ठिकाणी सहा रात्रींत दोन हॉटेलं आणि अकरा स्थळं होती, रोज सकाळी साडेसातला बस. ह्यांनी पत्रक वाचून खाली ठेवलं आणि म्हणाले, "ह्यापेक्षा तोडीवर जातो." शेवटी आम्ही विमान आणि हॉटेल तेवढं एजंटाकडून घेतलं, बाकी दिवस आमचे आम्ही ठरवले. पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस म्हणून कर कापला जातो. त्याची पावती जपून ठेवा. आयकर विवरणपत्र भरताना ती रक्कम तुमच्या नावे जमा धरली जाते. प्रवास विमा मात्र कुणी सांगो न सांगो, घ्याच. पन्नाशीनंतर तर त्याशिवाय उंबरा ओलांडू नये.

हॉटेल निवडताना आधी किनारा निवडावा. मुख्य बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे, क्षेत्रफळ साधारण १,८६५ चौरस किलोमीटर. आपला कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे जिल्ह्याच्या पाव भागाएवढं बेट. तरीही चारही किनाऱ्यांचा स्वभाव वेगळा. उत्तरेला ग्रां बे, तिथं बाजार, हॉटेलं आणि गर्दी. पूर्वेला बेल मार, पांढऱ्या वाळूची लांबच लांब पट्टी आणि महागडी रिसॉर्ट्स, पण हिवाळ्यात आग्नेयेकडून येणारा वारा थेट अंगावर येतो. दक्षिणेला कडे आणि उसळता समुद्र. पश्चिमेला फ्लिक आं फ्लाक, तिथं डोंगरांमुळे वारा अडतो, पाऊस कमी पडतो आणि सूर्य समोर समुद्रात बुडतो. आम्ही पश्चिम किनारा धरला आणि सातही रात्री एकाच खोलीत राहिलो. रोज बॅग भरावी लागली नाही, हा या सहलीतला सर्वांत मोठा आराम.

खोलीसाठी हॉटेलला आधीच लिहून चार गोष्टी मागितल्या. तळमजला, किनाऱ्यापर्यंत पायऱ्या नसलेली वाट, लवकर चेक-इन आणि अंडं नसलेलं शाकाहारी जेवण. चारही मिळाल्या. जेवणासाठी 'हाफ बोर्ड' म्हणजे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण घेतलं. दुपार मोकळी ठेवली, कारण त्या देशाची खरी चव रस्त्यावर आहे.

निघण्याआधी आमच्या काळभैरी देवाला नारळ ठेवला. गडहिंग्लजहून मुंबई म्हणजे रात्रभराचा बसप्रवास. बसमधून उतरून थेट विमानात बसायचा हट्ट धरू नका. कोल्हापूर किंवा बेळगावहून मुंबईला विमानानं जाता येतं, किंवा आमच्यासारखं एक दिवस आधी बसनं जाऊन अंधेरीत मुक्काम करावा. बॅगेत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह औषधं मूळ पाकिटात ठेवावीत, कारण झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांबाबत तिथले नियम कडक आहेत. बियाणं, फळं, रोपं नेता येत नाहीत. प्रवासाआधी मॉरिशसचा ऑनलाइन प्रवासी फॉर्म भरायचा, आणि परतीचं तिकीट व हॉटेलच्या आरक्षणाचा कागद हाताशी ठेवायचा. तिथला एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात जातो. फेब्रुवारी २०२४ पासून तिथं यूपीआय सुरू झालं आहे, तरी छोट्या टपऱ्यांसाठी रोख रक्कम लागतेच.

विमान खाली उतरायला लागलं आणि ह्यांनी माझा हात दाबला. खिडकीतून निळा समुद्र दिसेल म्हणून मी वाकले, तर खाली हिरवा ऊस होता. धावपट्टीच्या आजूबाजूला, डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊसच ऊस.

विमानतळ आग्नेयेला आहे. आमच्या हॉटेलपर्यंत तासाभराचा रस्ता. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात. अर्ध्या वाटेत ह्यांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि बांधावर जाऊन उभे राहिले. मेमध्ये तिथला ऊस उभा असतो, तोड जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते. आपला हंगाम संपतो तेव्हा त्यांचा सुरू व्हायच्या बेतात असतो. काही फडांना तुरा आला होता. ह्यांनी एका कांडीवर बोट ठेवून पेरं मोजली, पाचट सोलून डोळा बघितला, चिमूटभर माती चोळली. पण त्यांचं लक्ष खिळलं ते फडाच्या मधोमध रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगांवर. घराएवढे उंच, पायऱ्यापायऱ्यांचे ढीग. "हे सगळं हातानं वेचलंय," ते म्हणाले. "आमच्या आज्यानं माळ फोडताना असंच वेचलेलं. पण एवढं नाही."

तो दगड आपल्या ओळखीचाच आहे. भूगर्भशास्त्र सांगतं की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून लाव्हा उसळून आपलं दख्खनचं पठार बनलं, त्याच स्थानावर पुढे, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं. आज ते स्थान शेजारच्या रेयुनियों बेटाखाली धगधगतं आहे. सह्याद्रीचा काळा कातळ आणि त्या फडातला काळा धोंडा एकाच चुलीवरचे. आणि ते धोंडे वेचणारी माणसंही आपल्याकडचीच होती, हे दोन दिवसांनी समजलं.

पहिला दिवस आम्ही काहीही बघितलं नाही. किनाऱ्यावर फिलाओच्या, म्हणजे आपल्या सुरूच्या, झाडांखाली बसलो. मॉरिशसचा समुद्र जोडप्यांना इतका मानवतो त्याचं कारण पाण्याखाली आहे. जवळजवळ संपूर्ण बेटाला प्रवाळाचं कुंपण आहे. मोठ्या लाटा दूर त्या कुंपणावर फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं उथळ, संथ राहतं. पोहता न येणाऱ्या मला कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभं राहता आलं. तळाशी प्रवाळाचे धारदार तुकडे आणि काटेरी समुद्री साळी असतात, त्यासाठी रबरी बूट घालावेत. किनाऱ्यावरच्या दुकानांत मिळतात. अंगभर पोहण्याचा पोशाख मी कोल्हापुरातूनच नेला होता. दक्षिणेकडच्या ग्री-ग्रीला मात्र प्रवाळाचं कुंपण तुटलेलं आहे. तिथं लाटा बघाव्यात, पाण्यात उतरू नये.

दुपारी ह्यांनी एक गंमत दाखवली. आमच्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर माथ्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. इथं दुपारी बाराला सूर्य उत्तरेकडे कललेला होता आणि आमच्या दोघांच्या सावल्या दक्षिणेला पडल्या होत्या. मेमध्ये पावणेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. म्हणून फिरणं सकाळी ठेवावं आणि संध्याकाळी किनाऱ्यावर परत यावं.

आमचा नियम साधा होता. एक दिवस फिरायचं, एक दिवस बसायचं. फिरण्याच्या दिवशी ड्रायव्हरसह गाडी ठरवायची आणि एका दिवसात एकाच दिशेला जायचं. नैर्ऋत्येला शामारेलची सात रंगांची माती, ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचं जंगल आणि ल मॉर्नचा ५५६ मीटरचा काळा कडा. पळून आलेल्या गुलामांनी या कड्यावर आसरा घेतला होता. २००८ पासून तो जागतिक वारसा आहे. त्याच दिशेला उंचावरचं गंगा तलाव हे जुन्या ज्वालामुखीच्या विवरातलं तळं आणि शेजारी १०८ फुटी मंगल महादेव. महाशिवरात्रीला बेटभरातून लोक कावड घेऊन इथं चालत येतात. उत्तरेला पांपलमूसची बाग. तिथं परातीएवढ्या, काठ वळलेल्या कमळपानांचं तळं आहे, आणि आयुष्यात एकदाच फुलून मरणारा ताड आहे. बागेजवळ जुन्या साखर कारखान्याचं संग्रहालय झालं आहे. ऊस पिकवणाऱ्या माणसानं ते चुकवू नये. डच लोकांनी १६३९ मध्ये आणलेल्या बेण्यापासून आजपर्यंतची कथा तिथं यंत्रांसह मांडली आहे. ह्यांनी चरकापुढे अर्धा तास काढला.

तिसऱ्या दिवशी राजधानीत, पोर्ट लुईला गेलो. मध्यवर्ती बाजाराजवळ एका काचेच्या पेटीपुढे रांग होती. विकणारा माणूस पेटीतून दोन पातळ पिवळसर पोळ्या उचलत होता, त्यांवर पळीभर घेवड्याची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरव्या मिरचीची चटणी पसरून, गुंडाळी करून कागदात देत होता. ही 'धोल पुरी', आणि ती जोडीनंच विकतात. मी पोळीचा तुकडा मोडून बघितला. आत शिजवून वाटलेल्या डाळीचं कोरडं पुरण, हळद आणि जिऱ्याचा वास. गूळ वगळला तर आपली पुरणपोळीच. बिहारमधून आलेल्या मजुरांची डाळपुरी त्या देशाचं रोजचं खाणं झाली आहे. सोबत 'गातो पिमां', म्हणजे मिरची घातलेले डाळीचे छोटे वडे. गडहिंग्लजच्या मिरची बाजारात वाढलेल्या माझ्या जिभेला त्यांची मिरची पुरेशी झणझणीत लागली, हे मी मनापासून सांगते.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर बंदराच्या काठी आप्रवासी घाट आहे. काळ्या दगडाच्या भिंती, एक कमान आणि पाण्याकडून वर येणाऱ्या काही पायऱ्या. बघायला फार नाही, पण मी आयुष्यात पाहिलेल्या सर्वांत जड जागांपैकी ती एक आहे. इंग्रजांनी १८३५ मध्ये गुलामगिरी बंद केली. मळ्यांना हात हवे होते, म्हणून १८३४ पासूनच करारावर भारतीय मजूर आणायला सुरुवात झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलस' जहाजातून ३६ जण उतरले. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांहून अधिक माणसं याच बंदरात आली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशाकडची, काही तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसं. २००६ मध्ये युनेस्कोनं ही जागा जागतिक वारसा ठरवली. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांची दफ्तरं जपून ठेवली आहेत.

ह्यांनी पायऱ्यांकडे बघत एवढंच विचारलं, "परत किती गेले?" बरेच गेले, पण बहुतेक इथंच राहिले. फडातले ते ढीग त्यांनी रचलेले.

आमच्या हॉटेलापासून जवळच कास्कावेल नावाचं गाव आहे, मराठी वस्तीसाठी ओळखलं जाणारं. एका सकाळी तिथल्या देवळात गेलो. गाभाऱ्यापुढे पांढऱ्या केसांच्या एक आजी वात लावत होत्या. त्यांची रोजची भाषा क्रिओल, माझी मराठी. मी "गडहिंग्लज, कोल्हापूर" म्हटलं तेव्हा त्यांनी "कोल्हापूर, अंबाबाई" असं म्हणून हात जोडले. मग सावकाश, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाल्या, "बसा. प्रसाद घ्या." माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. या देशात गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते. १८९६ साली हेनरिएटा गावातल्या एका मराठी घरात तिथला पहिला गणपती बसला असं सांगतात. शाळांमध्ये मराठी शिकवतात, कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' म्हणून अजून नाचली जाते. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी एखादं मराठी पुस्तक, एखादी आरतीची वही बरोबर न्यावी. भेट म्हणून त्याहून मोलाचं तिथं काही नाही.

उरलेले दिवस आम्ही ठरवल्याप्रमाणे रिकामे ठेवले. आणि या सहलीतलं सगळ्यात चांगलं जे घडलं, ते त्या रिकाम्या दिवसांतच घडलं. तीस वर्षांत आम्ही दोघं दुपारी तीन वाजता, हातात काही काम नसताना, शेजारी बसलो नव्हतो. रोजच्या बोलण्यात लाइट कधी येणार, खत कुठं मिळणार, वाढदिवस कुणाचा हेच असतं. तिथं चौथ्या दिवशी ह्यांनी त्यांच्या आईची एक आठवण सांगितली, जी मला माहीतच नव्हती. त्यासाठी समुद्र लागत नसेलही, पण सवड लागते, आणि घरात ती मिळत नाही.

म्हणून उसाच्या घरातल्या माझ्या बहिणींना आणि भावांना माझं सांगणं आहे. मुलांची लग्नं झाली, कर्ज फिटलं, मग बघू, असं म्हणत गुडघे जाण्याची वाट बघू नका. आधी महिना ठरवा, देश त्या महिन्याला मानवेल तो निवडा, मुक्काम एकच ठेवा आणि निम्मे दिवस मोकळे सोडा. मॉरिशसला गेलात तर समुद्राआधी नाही, पण समुद्राइतकाच वेळ आप्रवासी घाटाला द्या. ज्या बेटावर आपण आराम करायला जातो, ते आपल्यासारख्याच माणसांनी दगड वेचून उभं केलं आहे. पासपोर्टचा अर्ज मात्र या दिवाळीतच भरा.